५३१, ४४१ आणि आजीचे सागरगोटे

परवा मामेभावाचा फोन आला. सेकंड इयरला आहे, म्हणजे अभ्यास सोडून बाकी सगळ्यात रस असण्याचं वय. "दादा, तू ते पेन अंगठ्याभोवती फिरवायचास ना, ते कसं करायचं?" मी उत्साहाने सुरू झालो. पेन असं धर, मग मधल्या बोटाने जरासं... नाही, ढकलायचं नाही, आत ओढायचं... बंदुकीचा घोडा ओढतो तसं... आणि अंगठा त्याच वेळी... पाच मिनिटांनी तो शांतपणे म्हणाला, "जाऊ दे, व्हिडिओ पाठव."

इंजिनीअरिंगची चार वर्षं शेवटच्या बाकावर बसून जे एकमेव कौशल्य मी मनापासून कमावलं, ते मला शब्दांत सांगता येईना! बोटांना माहीत आहे, पण मला माहीत नाही, असा काहीतरी प्रकार. मग विकांताला नेहमीचा उद्योग: हे कोणी लिहून ठेवलंय का, ते शोधणे.

ठेवलंय तर. पेन फिरवण्याचं वेड जपानमधे जुनं आहे. तिथे याला 'रोनिन मावाशी' असंही म्हणत. रोनिन म्हणजे मूळ अर्थाने धनी नसलेला सामुराई, आणि आजच्या बोलीत प्रवेश परीक्षेत नापास होऊन पुन्हा तयारी करणारा पोरगा. आपल्याकडे 'ड्रॉप घेतलेला' म्हणतात तो. मावाशी म्हणजे फिरवणं. (ड्रॉप घेतलेल्यांनी पेन फिरवत बसणं ही जागतिक संस्कृती आहे हे वाचून बरं वाटलं.) १९९० च्या दशकात हिदेआकी कोन्दो नावाच्या जपानी गृहस्थांनी या करामतींची पद्धतशीर यादी करायला घेतली, आणि पुढे त्यातून लिहिण्याची एक रीतच तयार झाली. अंगठ्याला टी, तर्जनीला १, मधल्या बोटाला २, अनामिकेला ३, करंगळीला ४. दोन बोटांमधल्या फटीला दोघांचे आकडे जोडून: टी१, १२, २३, ३४. मग 'सॉनिक २३-१२' म्हणजे सॉनिक नावाची करामत, पेन मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या फटीतून निघून तर्जनीच्या आणि मधल्या बोटाच्या फटीत आलं. थंबअराउंड, सॉनिक, चार्ज आणि पास ही चार मुळाक्षरं, त्यांना उलटं, दुहेरी वगैरे विशेषणं, आणि किती वेढे झाले त्याचा आकडा. मी भावाला जे शिकवत होतो ते थंबअराउंड.

पद्धत कामाची आहे. पण जरा विचार केल्यावर लक्षात आलं की ही मुळात पत्ता लिहिण्याची पद्धत आहे. कुठून निघालं, कुठे पोचलं. मधे काय घडलं ते सगळं 'सॉनिक' या नावात दडलेलं. ज्याला सॉनिक येत नाही त्याला 'सॉनिक २३-१२' वाचून काही कळणार नाही. नवी करामत निघाली की नवं नाव पाडा. म्हणजे ही लिपी कमी आणि शब्दकोश जास्त.

मग प्रश्न पडला: हाताच्या करामतींची अशी एखादी लिपी आहे का, जिच्यात अजून कोणीच न केलेली गोष्टसुद्धा लिहिता येईल? आणि लिहिलेलं वाचून करताही येईल?

आहे. पण पेनची नाही, चेंडूंची. तिचं नाव साइटस्वॅप. आणि तिची गोष्ट इतकी मजेशीर निघाली की पेन बाजूला राहिलं.

सर्कशीत तीन-चार-पाच चेंडू हवेत खेळवत ठेवतात ते जगलिंग. फार जुनी कला. इजिप्तमधे बेनी हसन इथल्या सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या थडग्याच्या भिंतीवर चेंडू उडवणाऱ्या बायकांची चित्रं आहेत. पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवर 'हिको' नावाने मुली पिढ्यानपिढ्या हेच खेळत आल्या. पण चार हजार वर्षांत ही कला कोणी लिहिली नाही. चित्रं काढली, वर्णनं केली, नावं दिली. नावं म्हणजे कॅस्केड (धबधबा), फाउंटन (कारंजं), शॉवर अशी, दिसतं त्यावरून पाडलेली. जे कोणी मोठे कलाकार झाले त्यांचं काम त्यांच्याबरोबर गेलं. एन्रिको रास्तेल्ली (१८९६-१९३१) हा या कलेतला दादा माणूस. युरोपभर त्याचे प्रयोग गाजले, आणि पस्तिसाव्या वाढदिवसाच्या आधीच तो वारला. त्याचं हलतं चित्रण अगदी थोडं उरलंय. तो नक्की किती चेंडू उडवत होता यावर आजही जाणकार वाद घालतात. ज्याने हजारो लोकांसमोर रोज केलं, त्याबद्दल वाद! कारण पाहणाऱ्यांनी 'पाहिलं', 'लिहिलं' नाही. लिहायचं कशात?

यात पहिला गणिती हात घातला तो क्लॉड शॅनन यांनी. १९४८ साली माहितीशास्त्राचा पाया घालणारे तेच हे शॅनन, ज्यांचं नाव कम्युनिकेशनच्या पेपरात मी निदान तीनदा चुकीच्या सूत्राशेजारी लिहिलंय. शॅनन स्वतः चेंडू उडवत, एकचाकी सायकल चालवत, आणि १९७० च्या दशकात त्यांनी मेकॅनोसारख्या खेळण्याच्या सुट्या भागांतून पोलादी गोळ्या ढोलकीवर आपटवून झेलणारं एक यंत्रही बनवलं होतं. त्यांनी एक सूत्र मांडलं. चेंडू हवेत असतो तो वेळ 'उ', हातात असतो तो 'ध', हात रिकामा असतो तो 'र', एकूण हात 'ह', एकूण चेंडू 'च'. तर

(उ + ध) × ह = (र + ध) × च

सोपं आहे. एकदा चेंडूच्या बाजूने वेळ मोजायची, एकदा हाताच्या बाजूने, आणि दोन्ही हिशोब जुळले पाहिजेत. चेंडू वाढवायचे तर एकतर उंच फेका, नाहीतर हात भराभर चालवा, तिसरा मार्ग नाही, हे यातून लगेच दिसतं. पण हे सूत्र सगळे चेंडू एकाच चालीने जातात असं धरून चालतं. एक उंच, एक बुटका, एक नुसता या हातातून त्या हातात, असा मिसळीचा मामला असेल तर ते गप्प बसतं.

मिसळीचा मामला सुटला तो १९८० च्या दशकात. एकदा नाही, तीनदा! १९८१ साली कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझला पॉल क्लिमेक यांना तो सापडला. १९८५ च्या सुमारास कॅलटेकमधल्या विद्यार्थ्यांना, ब्रूस टीमन, बेंग्ट मॅग्नुसन आणि जोएल डेव्हिड हॅमकिन्स यांना सापडला. आणि १९८५ सालीच अटलांटिकपलीकडे केंब्रिजला माइक डे, कॉलिन राइट आणि अॅडम चॅलक्राफ्ट यांना. म्हणून इंग्लंडात बरीच वर्षं याला 'केंब्रिज नोटेशन' म्हणत. तिन्ही ठिकाणी तोच शोध, जवळजवळ त्याच आकड्यांत. (हॅमकिन्स पुढे संच सिद्धांतातले नामांकित गणिती झाले. त्या काळात ते असे आकडे काढून देणारे प्रोग्राम लिहीत होते. कॉलेजात फालतू वाटणारे प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी धीर सोडू नये.)

शोध काय होता? तर हात विसरा, उंची विसरा, चेंडूचा मार्ग विसरा. फक्त वेळ लिहा.

आपल्याला हे समजायला तबला बरा पडतो. मात्रा पडताहेत असं समजा: एक, दोन, तीन, चार... उजवा हात, डावा हात, उजवा, डावा. प्रत्येक मात्रेला एक हात एक चेंडू फेकतो. आता लिहायचं एवढंच, की आत्ता फेकलेला चेंडू किती मात्रांनी पुन्हा फेकला जाईल. तीन मात्रांनी तर ३. पाच मात्रांनी तर ५. बास. ३ विषम आहे, म्हणजे चेंडू दुसऱ्या हातात जाणार. ४ सम, म्हणजे त्याच हातात परत. ५ पुन्हा दुसऱ्या हातात, पण बराच उंचावरून. १ म्हणजे पुढच्याच मात्रेला, म्हणजे या हातातून त्या हातात नुसता सरकवायचा. २ म्हणजे त्याच हाताची पुढची पाळी येईपर्यंत, तर फेकायचा कशाला, धरून ठेवा. ० म्हणजे हात रिकामा, या मात्रेला काही नाही. खालीचीच मात्रा म्हणा ना.

सर्कशीतला साधा तीन चेंडूंचा कॅस्केड म्हणजे ३, ३, ३, ३... लिहिताना नुसतं '३'. चार चेंडूंचं कारंजं म्हणजे '४'. आवर्तन मोठं असेल तर तेवढे आकडे: ५३१ म्हणजे एक उंच, एक मध्यम, एक सरकवलेला, आणि पुन्हा पहिल्यापासून.

आता इथे खरी गंमत सुरू होते. कुठलेही आकडे लिहून चालत नाहीत. ५४३ घ्या. दिसायला किती गोंडस, उतरती भाजणी. पण शून्याव्या मात्रेला ५ फेकला तो पाचव्या मात्रेला येणार. पहिल्या मात्रेला ४ फेकला, तो पण पाचव्या. दुसऱ्या मात्रेला ३ फेकला, तो पण पाचव्याच मात्रेला. तिन्ही चेंडू एकाच वेळी एकाच हातात. (मोजणी शून्यापासून, माफ करा, सवय आहे.) मीटिंग रूम एकच, आणि तीन टीमनी बारा वाजताचीच बुक केली, तसं. पण तेच आकडे फिरवून ५३४ करा: पाचव्या, चौथ्या आणि सहाव्या मात्रेला. कुठेही टक्कर नाही. आकडे तेच, क्रम बदलला आणि अशक्य गोष्ट शक्य झाली.

तपासायला चार ओळींचा प्रोग्राम पुरतो. प्रत्येक आकड्यात त्याचा क्रमांक मिळवा, आवर्तनाच्या लांबीने भागा, बाकी लिहा. सगळ्या बाक्या वेगवेगळ्या आल्या तर खेळ शक्य, दोन सारख्या आल्या तर टक्कर. ५३१ ला बाक्या येतात २, १, ०. पास. ५४३ ला २, २, २. सपशेल नापास.

आणि चेंडू किती लागतील? आकड्यांची सरासरी काढा. ५३१: नऊ भागिले तीन, तीन चेंडू. ५३४: बारा भागिले तीन, चार चेंडू. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही जादूच वाटली, पण कारण अगदी घरगुती आहे. एखादा आकडा म्हणजे तो चेंडू तितक्या मात्रा 'गुंतलेला' आहे. प्रत्येक चेंडू सतत कुठल्या ना कुठल्या फेकीत गुंतलेलाच असतो. म्हणून शंभर मात्रांत एक चेंडू सुमारे शंभर मात्रा खातो, तीन चेंडू तीनशे. शंभर फेकींत तीनशे, म्हणजे सरासरी तीन. संपलं. सरासरी पूर्णांकात आली नाही तर खेळ अशक्य, हेही फुकटात मिळालं. उलट मात्र खरं नाही. ५४३ ची सरासरी व्यवस्थित चार येते, आणि तरी तो अशक्य आहे.

साइटस्वॅप हे नाव कुठून आलं, तेही यातच आहे. दोन चेंडूंच्या उतरण्याच्या जागांची अदलाबदल करायची. ३३३ घ्या. पहिला तिसऱ्या मात्रेला उतरतो, तिसरा पाचव्या मात्रेला. आता अदलाबदल करा: पहिला पाचव्याला जाऊ दे, तिसरा तिसऱ्याला येऊ दे. पहिला झाला ५, तिसरा झाला १. आलं ५३१! आता या ५३१ मधे पहिल्या दोघांची अदलाबदल करा. पहिला पाचव्याऐवजी चौथ्याला, दुसरा चौथ्याऐवजी पाचव्याला. आलं ४४१. उतरण्याच्या जागा त्याच राहतात, म्हणून टक्कर होणं शक्यच नाही, आणि चेंडूंची संख्याही बदलत नाही.

हे करता करता कागदावर असे आकडे उमटायला लागले जे नियमाने बरोबर होते, पण ज्यांचा खेळ कोणी पाहिला नव्हता. मेंडेलेएफने तक्त्यात मोकळ्या जागा ठेवल्या होत्या, तसं. आणि मग लोक चेंडू घेऊन उभे राहिले आणि ते आकडे 'वाचून' फेकायला लागले. कागदावरून हातात आलेल्या खेळांत ४४१ चं नाव नेहमी घेतलं जातं. आज तो नवशिक्याला कॅस्केडनंतर लवकरच शिकवतात. चार हजार वर्षांत त्या अमुक तीन फेकी त्या क्रमाने कोणाच्याच हातून गेल्या नसतील असं मी म्हणणार नाही. पण कोणाच्या तो खेळ म्हणून लक्षात आला नव्हता, नाव नव्हतं, शिकवला जात नव्हता. आधी लिहिला गेला, मग केला गेला.

मी स्वतः मोज्यांचे तीन गोळे करून प्रयत्न केला. साधा ३ यायला तीन विकांत गेले. ४४१ मधल्या १ ला माझा हात दर वेळी सवयीने चेंडू वरच फेकतो. कागदावर मला कळतंय, बाक्या १, २, ० येताहेत, सगळं बरोबर आहे. पण मोजे पलंगाखाली.

टीमन आणि मॅग्नुसन यांनी १९९१ साली 'जगलर्स वर्ल्ड' या मासिकात ही लिपी सविस्तर मांडली. लेखाच्या नावातच होतं की ही खेळांची, खूप खूप खेळांची लिपी आहे. किती खूप, ते १९९४ साली कळलं. जो ब्युलर, डेव्हिड आयझेनबड, रॉन ग्रॅहम आणि केंब्रिजवाले कॉलिन राइट या चौघांनी 'अमेरिकन मॅथमॅटिकल मंथली'मधे एक प्रबंध लिहिला. यातले ग्रॅहम म्हणजे बेल लॅब्सचे मोठे गणिती आणि तितकेच अस्सल जगलर. १९७२ साली ते आंतरराष्ट्रीय जगलर्स संघटनेचे अध्यक्ष होते, आणि पुढे अमेरिकन गणित संघटनेचेही अध्यक्ष झाले. दोन्ही खुर्च्यांवर बसलेला दुसरा कोणी मला तरी माहीत नाही. तर या चौघांनी सिद्ध केलं, की 'च' पेक्षा कमी चेंडूंचे, 'न' मात्रांच्या आवर्तनाचे एकूण खेळ बरोबर 'च'चा 'न'वा घात इतके असतात.

इतकं स्वच्छ उत्तर! मला विश्वास बसेना, म्हणून मोजून पाहिलं. चारपेक्षा कमी चेंडू आणि तीन मात्रा: चारचा घन ६४. तीनपेक्षा कमी: तीनचा घन २७. वजाबाकी ३७. म्हणजे बरोबर तीन चेंडूंचे तीन मात्रांचे ३७ खेळ. त्यातलं ३३३ एक. उरले ३६, पण ५३१, ३१५ आणि १५३ ही एकाच आवर्तनाची तीन वेगवेगळ्या ठिकाणी धरलेली सम, तेव्हा भागिले तीन. बारा. आता हाताने लिहू: ४२३, ४४१, ४५०, ५२२, ५३१, ६०३, ६१२, ६३०, ७११, ७२०, ८०१, ९००. बारा! शनिवारची रात्र सार्थकी लागली. :-) (९०० म्हणजे तिन्ही चेंडू एकाच्याच मागे एक असे प्रचंड उंच, आणि मधल्या दोन-दोन मात्रा हात रिकामे. करणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार.)

प्रोग्राम लिहिणाऱ्यांना अजून एक खाऊ. कॅलटेकचेच जॅक बॉईस यांनी या खेळांच्या 'अवस्था' मांडून दाखवल्या आणि पुढे 'जगलिंग लॅब' नावाचा प्रोग्रामही लिहिला. त्यात आकडे टाइप केले की पडद्यावरचा माणूस ते फेकून दाखवतो. अवस्था म्हणजे पुढच्या मात्रांपैकी कुठे चेंडू येणार आहे त्याची शून्य-एकची माळ. तीन चेंडू सुखाने चाललेत तेव्हा १११. ४ फेकला की पहिला एक निघाला, माळ एक घर सरकली आणि चौथ्या घरात एक आला: ११०१. पुन्हा ४: १०११. मग १ फेकला की परत १११. सेकंड इयरला शिफ्ट रजिस्टर शिकवताना कोणी हे दाखवलं असतं तर मी पेन फिरवायचं थांबवून फळ्याकडे पाहिलं असतं.

आता या लिपीने काय गमावलं तेही सांगायला हवं, कारण कलाकार मंडळींची तक्रार तिथेच आहे. 'मिल्स मेस' नावाचा तीन चेंडूंचा एक अतिशय देखणा खेळ आहे, स्टीव्ह मिल्स यांच्या नावाचा. हात एकमेकांवरून गुंफत, उलगडत जातात, चेंडू त्यांच्या मागे धावताहेत असं वाटतं. पाहताना नजर ठरत नाही. शिकायला माणसं महिने घालवतात. साइटस्वॅपमधे तो कसा लिहायचा? ३. फक्त ३. नवशिक्याच्या साध्या कॅस्केडइतकाच. कारण प्रत्येक चेंडू तीन मात्रांनीच परत फेकला जातो. हात कुठे होते, ते लिपीने मघाशीच 'विसरा' म्हणून सांगितलं होतं. चेंडू पाठीमागून आला, पायाखालून आला, डोक्यावर अडला, कशाचाच पत्ता नाही.

नंतर लोकांनी ठिगळं लावली. दोन्ही हात एकदम फेकतात त्याला कंस, एका हातातून दोन चेंडू सुटतात त्याला चौकटी कंस, हात कुठे ठेवायचा त्याचे वेगळे कोष्टक. सगळं आहे, चालतंही. पण ते लिहिलेलं वाचून कोणी 'अरे, हे करून बघू' म्हणत उभं राहत असेल असं मला वाटत नाही. ५३१ वाचून राहतात. माझं मत विचाराल तर साइटस्वॅप चालली ती तिने जे टाकून दिलं त्यामुळे. सगळं धरून ठेवलं असतं तर ४४१ ची मोकळी जागा दिसलीच नसती.

मग पेनला अशी लिपी का नाही? माझा अंदाज असा: चेंडू हात सोडून जातो. फेकला आणि झेलला हे दोन स्वच्छ क्षण आहेत, मोजता येतात. मधे गुरुत्वाकर्षण काय ते बघून घेतं, तुम्ही काही करू शकत नाही, म्हणून लिहायचंही कारण नाही. पेन बहुतेक वेळ हाताला चिकटून असतं. ते बोटावरून घरंगळतं, घासतं, अंगठ्याच्या मागून वेढा घेतं, आणि त्या प्रत्येक क्षणी बोटं काहीतरी करत असतात. तोडून मोजायची मात्राच नाही. त्यामुळे कुठून निघालं, कुठे पोचलं आणि मधल्याचं नाव, एवढंच लिहिता येतं. कोन्दो आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी पत्ते लिहिले यात त्यांचा दोष नाही, पेनचाच स्वभाव तसा.

हे सगळं वाचत असताना डोक्यात सारखे येत होते ते आजीचे सागरगोटे.

आजी सागरगोटे खेळायची ते मी लहानपणी पाहिलंय. पाच राखाडी, गुळगुळीत बिया. एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचा एक उचलायचा आणि वरचा झेलायचा. मग दोन-दोन उचलायचे, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. त्यापुढे बरंच काही होतं. उलट्या हातावर झेलणं होतं, एका हाताची कमान करून तिच्याखालून ढकलणं होतं, मधेच एक टाळी होती. सत्तरीतली बाई, गुडघे दुखतात म्हणून खुर्चीत बसणारी, सागरगोटे आले की जमिनीवर मांडी घालून बसायची. आजी जाऊन आता सहा वर्षं झाली.

म्हटलं, चला, आजीचा खेळ लिहू. एक हात, हवेत एका वेळी एक सागरगोटा, प्रत्येक मात्रेला फेकला आणि पुढच्या मात्रेला झेलून पुन्हा फेकला. म्हणजे १, १, १, १. बरोबर आहे, एकही चूक नाही. बाक्या तपासायचीही गरज नाही. पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत सगळा खेळ १. जे काही होतं ते सगळं जमिनीवर होतं, वरचा सागरगोटा नुसता घड्याळ होता.

मग साइटस्वॅप सोडून दिलं आणि आईला फोन केला. तिला फेऱ्या आठवत होत्या. तिच्या म्हणण्याप्रमाणे चारही उचलून झाले की लगेच उलट्या हातावर झेलायचे. मग मावशीला फोन केला. ती म्हणाली छे, त्याच्या आधी कमान, आणि टाळी कमानीच्या फेरीत. आईला पुन्हा फोन केला तर ती म्हणाली, तुझ्या मावशीला कमानीची फेरी कधी पार करताच आली नाही, ती काय सांगते! दोघींनी एकाच अंगणात, एकाच बाईकडून शिकलेला खेळ. मी वहीत दोन रकाने केले, एक आईचा, एक मावशीचा, पत्त्यासारखे: कुठून उचलला, कुठे ठेवला, हात पालथा की उताणा. तीन ठिकाणी जुळत नाही.

सागरगोटे आईकडे आहेत, शिवणाच्या डब्यात. तिने उघडून मोजले. चारच निघाले.